कुंडीतल्या झाडांची कीड आणि तिचा बंदोबस्त



कपाशीवरची बोंडअळी, ज्वारीवरची खोडमाशी, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी ही नावे आपल्याला काही नवी नाहीत. शेतातल्या किडीविषयी आपण पुष्कळ ऐकता. आज जरा एका लहानशा शेताकडे वळू. हे शेत वीतभर रुंद आणि वीतभर खोल असते. कुणाकडे ते मातीच्या कुंडीत असते, कुणाकडे तेलाच्या रिकाम्या डब्यात, तर कुणी कान तुटलेल्या बादलीतच ते थाटलेले असते. ओसरीवरची तुळस, खिडकीतला मनीप्लांट, पडवीतला जास्वंद, शाळेच्या व्हरांड्यात ओळीने मांडलेले क्रोटन आणि शेवंती, हेच ते शेत.

आपण म्हणाल, एवढ्याशा कुंडीवर भाषण कशाला? कीड लागली तर झाड उपटून टाकावे आणि दुसरे लावावे. पण गोष्ट इतकी साधी नाही. शेतावर फवारणी झाली की बाटलीच्या तळाशी थोडे औषध उरते. ते घरी येते आणि कोनाड्यात बसते. मग एखाद्या दिवशी तुळशीवर पांढरे काही दिसले की घरातले कुणीतरी तीच बाटली उचलते आणि अंदाजाने दोन थेंब पाण्यात टाकून शिंपडते. कीड मरते, तुळस टवटवीत दिसते. चार दिवसांनी लेकराला खोकला येतो आणि आजी त्याच तुळशीची पाने काढ्यात घालते. हे टाळता यावे म्हणूनच आजच्या या चार गोष्टी. कुंडीतल्या किडीला पाहणारा डोळा आणि काम करणारा हात लागतो. विषाची बाटली लागत नाही.

प्रथम हे पाहू की कुंडीतल्या झाडाला कीड लवकर का लागते. शेतातल्या झाडावर पाऊस पडतो, वारा वाहतो आणि पाने धुऊन निघतात. शिवाय तिथे कीड खाणारे दुसरे किडे असतात, कोळी असतात, चिमण्या असतात. घरात यांपैकी काहीच नाही. पाऊस नाही, वारा बेताचा, उजेड कमी आणि पानांवर धूळ. त्यात आपण माया म्हणून पाणी जास्त घालतो, खतही जास्त घालतो. अशा झाडाची वाढ कोवळी आणि लुसलुशीत होते, आणि रस शोषणाऱ्या किडीला नेमके तेच हवे असते. म्हणजे कीड ही पुष्कळदा आपल्या लाडाचीच पाहुणी असते, बरं का.

आता ही कीड ओळखायची कशी? माझे सांगणे असे की आधी कीड शोधू नका, मुंगी शोधा. कुंडीच्या काठावरून झाडाच्या शेंड्याकडे मुंग्यांची रांग चाललेली दिसली की समजावे, वर काहीतरी आहे. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी हे किडे सोंडेने पानाचा रस ओढतात. त्या रसात साखर फार असते. ती सगळी त्यांना पचत नाही, म्हणून ते गोड चिकट पाणी बाहेर टाकतात. मुंग्या त्या गोड पाण्यासाठी येतात, आणि नुसत्या येत नाहीत, तर किडीची राखणही करतात. गवळी जसा म्हशी राखतो तसा हा प्रकार आहे. कीड खाणारा भुंगेरा आला तर मुंग्या त्याला हुसकून लावतात. काही जातीच्या मुंग्या तर किडीची पिले एका फांदीवरून दुसरीवर नेऊनही ठेवतात. त्याच गोड पाण्यावर पुढे काळी बुरशी चढते. पान काजळी धरल्यासारखे दिसते आणि आपण म्हणतो, झाडाला रोग झाला. खरे पाहता काजळी ही नंतरची आहे. मूळ कीड पानाच्या पाठीमागे बसलेली असते.

म्हणून दुसरी सवय ही की पान उलटून पाहावे. वरून पान पाहणे म्हणजे घराचे दार पाहून परतण्यासारखे आहे. आठवड्यातून एकदा, सकाळच्या उजेडात, पानाची पाठ, पान आणि फांदी यांच्यामधली बेचकी आणि कोवळा शेंडा अशा तीन जागा नजरेखालून घालाव्यात. तिथे जे दिसेल त्यावरून पाहुणा ओळखता येतो.

कापसाच्या बारीक बोळ्यासारखे पांढरे पुंजके बेचकीत दिसले तर तो पिठ्या ढेकूण. जास्वंदावर आणि क्रोटनवर तो हमखास येतो. कोवळ्या शेंड्यावर हिरव्या किंवा काळ्या मोहरीएवढ्या किड्यांची दाटी असेल तर तो मावा. माव्याची मादी नराशिवायच जिवंत पिले घालते, आणि उबदार हवेत ती पिले आठ-दहा दिवसांत स्वतः आया होतात. म्हणूनच सोमवारी चार दिसलेले किडे पुढच्या आठवड्यात चाळीस होतात. देठावर किंवा पानाच्या शिरेवर मसुरीच्या डाळीसारखे तपकिरी फुगवटे दिसले आणि नखाने खरवडल्यावर सुटून आले तर ती खवले कीड. ती बसल्या जागची हलत नाही, त्यामुळे पुष्कळ लोक तिला झाडाचाच भाग समजतात. झाड हलवल्यावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे किडे भुर्रकन उडाले आणि पुन्हा पानामागे जाऊन बसले तर ती पांढरी माशी.

उन्हाळ्यातला पाहुणा निराळा. मार्च ते मे या महिन्यांत कोरड्या हवेत पानांवर बारीक फिकट ठिपके पडतात, पान धुरकट दिसते आणि पानामागे कोळिष्टकासारखे तंतू आढळतात. हा लाल कोळी. याला आठ पाय असतात, म्हणून हा कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला आहे. आकाराने तो जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर समजावे की कोळी आहे.

तुळशीचा स्वतःचा असा एक शत्रू आहे. त्याला जाळीदार पंखांचा ढेकूण म्हणता येईल. तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, चपटा, आणि पंख जाळीच्या कापडासारखे. पानामागे राहून तो रस ओढतो. पान वरून फिकट, ठिपकेदार होते, मग वळते आणि वाळते. पानाच्या पाठीवर त्याच्या विष्ठेचे काळे चकचकीत ठिपके दिसतात. पुष्कळ घरांत 'तुळस उन्हाने वाळली' असे म्हणतात, ती कित्येकदा या ढेकणाने वाळलेली असते.

शेवटचा पाहुणा म्हणजे कुंडीच्या मातीवर घोंगावणारी बारीक काळी चिलटे. ही बहुधा आपणच बोलावतो. चहाचा चोथा, तोही दूधसाखरेसह, रोज कुंडीत टाकला आणि वर पाणी ओतले की माती सदा ओली राहते आणि सडते. चिलटांच्या अळ्या त्या सडक्या मातीत वाढतात आणि कोवळी मुळेही कुरतडतात. याला औषध नको. चोथा टाकायचाच तर धुऊन, वाळवून, थोडासा टाका, आणि वरची बोटाच्या पेराएवढी माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नका. पंधरा दिवसांत चिलटे पुष्कळशी कमी होतात.

पाहुणे ओळखले. आता त्यांना निरोप कसा द्यायचा ते पाहू. यासाठी चार पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर काम झाले तर वरची चढायची नाही.

पहिली पायरी, हात आणि पाणी. जास्त किडलेला शेंडा किंवा पान तोडून उकळत्या पाण्यात टाका. उकिरड्यावर टाकू नका, तिथून कीड परत चालत येते. मग कुंडी मोरीवर किंवा अंगणात आडवी धरून पानांच्या पाठीवर पाण्याची जोराची धार सोडा. मावा एकदा खाली पडला की बहुतेक पुन्हा वर चढत नाही. लाल कोळ्यालाही हे स्नान मानवत नाही. तीन-चार दिवसांच्या अंतराने असे तीन वेळा केले तर अर्धे काम इथेच संपते. खवले कीड असेल तर दात घासण्याचा जुना ब्रश घेऊन देठ हलकेच घासावा. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा भिजवून पुंजक्यावर टेकवावा. स्पिरिट चटकन पेट घेते, तेव्हा चुलीजवळ आणि देवाच्या दिव्याजवळ हे काम करू नये.

दुसरी पायरी, मुंग्यांची वाट बंद करणे. आपल्याकडे दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत होती. तीच युक्ती इथे करावी. परातीत पाणी घालून मध्ये वीट ठेवावी आणि विटेवर कुंडी. झाडाची पाने मात्र भिंतीला किंवा गजाला टेकू देऊ नयेत, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून परातीतले पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून द्यावे आणि परात घासून घ्यावी. किडीचा बंदोबस्त करताना डासांची सोय व्हायला नको.

तिसरी पायरी, साबणाचे पाणी. एक लिटर पाण्यात अंगाच्या साध्या साबणाचा कीस चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, विरघळवावा. कपडे धुण्याची पावडर घेऊ नये, तिने पाने करपतात. साबण किड्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण मोडतो आणि किडा गुदमरतो व सुकतो. पण हे पाणी प्रत्यक्ष किड्याच्या अंगावर पडले तरच काम करते. वाळल्यानंतर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पानाच्या पाठीवर, बेचकीत, नीट भिजेल असे मारावे. विहिरीचे पाणी जड असेल, म्हणजे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही असे असेल, तर ते इथेही चालत नाही. पावसाचे साठवलेले किंवा हलके पाणी घ्यावे. आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट पाहावी. पान ठीक राहिले तर साऱ्या झाडावर मारावे, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तास-दोन तासांनी साध्या पाण्याने झाड धुऊन टाकावे.

चौथी पायरी, आपली निंबोळी. पावसाळ्याच्या तोंडाला कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, बी सावलीत वाळवून ठेवावे. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम बियांची भरड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळावे आणि झाकून सावलीत ठेवावे. संध्याकाळी त्यात चिमूटभर साबण विरघळवून फवारावे. हाच शेतातला पाच टक्के निंबोळी अर्क, फक्त लोट्याच्या मापाने. तो त्याच दिवशी वापरावा, शिळा ठेवू नये. उन्हाने त्याचा गुण जातो, म्हणूनच संध्याकाळची वेळ सांगितली.

निंबोळीचा गुण नुसता ऐकीव नाही. १९६२ साली उत्तर भारतात टोळधाड आली, तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाणी पिकावर शिंपडून पाहिले. टोळ त्या पिकावर बसले, पण त्यांनी त्याला तोंड लावले नाही. निंबोळीतल्या कडू द्रव्याने किड्याची भूक मंदावते आणि त्याला नीट कात टाकता येत नाही. म्हणजे किडा लगेच मरून पडणार नाही, चार-सहा दिवस धीर धरावा लागेल. तुळस किंवा कढीपत्ता यांसारख्या खाण्याच्या झाडावर अर्क मारला असेल तर आठवडाभर ती पाने तोडू नयेत आणि पुढेही धुऊनच वापरावीत.

साबण असो वा निंबोळी, सहा-सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा मारावे लागते. याचे कारण समजून घ्या. पहिल्या वेळी किडे मरतात, पण पुष्कळशी अंडी राहतात. आठवड्याने ती फुटतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ही नवी पिले सापडतात. 'एकदा मारले, गुण आला नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा दुसरी वेळ चुकवलेली असते.

काही घरगुती उपाय मात्र सोडून द्यावेत. तंबाखू उकळून तिचे पाणी मारण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तंबाखूतले निकोटीन हे कडक विष आहे, ते कातडीतूनही अंगात भिनते. घरात ते नको. रॉकेलने पाने जळतात, तेही नको.

आणि शेतातली औषधे तर मुळीच नकोत. त्यांचे प्रमाण एकराच्या हिशेबाने ठरवलेले असते, वाटी-चमच्याच्या नव्हे. उघड्या रानातही ती जिवावर बेततात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. मग बंद खोलीत ते औषध काय करील याचा विचार करा. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी तर १६ जुलै २०१३ रोजी शाळेच्या दुपारच्या जेवणातून तेवीस मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक सापडले. तेव्हा औषधाचा डबा घरात किंवा शाळेच्या कोठीत ठेवायचा नाही, रिकामा डबा धुऊन दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, आणि रिकाम्या डब्यात झाडही लावायचे नाही. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हा त्रिकोण घरातल्या प्रत्येक माणसाला ओळखता आला पाहिजे, वाचता येत असो वा नसो.

आता आपल्या मित्रांची ओळख. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मुलांना माहीत असतो. पण त्याची अळी कुणी ओळखत नाही. काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी ही अळी माव्याचा फन्ना उडवते, आणि आपण तिलाच कीड समजून चिरडतो! पिठ्या ढेकूण खाणारा असाच एक भुंगेरा, क्रिप्टोलीमस, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट तंतू असतात, त्यामुळे ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. फरक एवढाच की तिचे तंतू लांब असतात आणि ती चपळ असते. पांढरे काही चुरूचुरू पळताना दिसले तर हात आवरा.

मित्र किती मोठे काम करतो याचे अलीकडचे उदाहरण पाहा. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर परदेशातला पिठ्या ढेकूण प्रथम आढळला. पुढे तो महाराष्ट्रातही आला. पपईखेरीज तुती, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर तो पसरला. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना. तेव्हा २०१० साली पोर्टो रिको बेटावरून त्याची नैसर्गिक शत्रू असलेली गांधीलमाशीच्या कुळातली एक इवलीशी माशी आणून सोडण्यात आली. ती ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. पुढे ठिकठिकाणी या किडीचा जोर ओसरला. जिथे विषारी फवारणी चालू असते तिथे मात्र ही माशीही मरते. कुंडीच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेतल्या कुंड्या म्हणजे फुकटची प्रयोगशाळा आहे. मावा पडलेल्या दोन सारख्या कुंड्या घ्या. एक पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, दुसरी तशीच जमिनीवर. मुलांनी दर दोन दिवसांनी भिंगातून एकाच फांदीवरचा मावा मोजावा, मुंग्या आणि ढालकिडेही मोजावेत, आणि तारीखवार वहीत लिहावे. पंधरा दिवसांनी दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. मुंगी आणि कीड यांचे नाते पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा ते असे डोळ्यांनी पाहिलेले पक्के राहते. जी मुले हे शिकतील ती उद्या शेतावर पंप खांद्याला लावण्याआधी पान उलटून पाहतील, आणि घरी बाटलीकडे हात गेला तर आईला थांबवतील.

थोडक्यात सांगायचे तर, नवे रोप आणले की पंधरा दिवस ते वेगळे ठेवा. पाने ओल्या फडक्याने पुसत जा. पाणी आणि खत बेताने द्या. आठवड्याला एकदा पान उलटून पाहा. कीड दिसली तर आधी हात, मग पाणी, मग साबण, मग निंबोळी. इतके करूनही झाड हाती लागले नाही तर ते उपटून जाळून टाका, माती आठ दिवस कडक उन्हात वाळवा आणि नवे रोप लावा. रोप पुन्हा मिळते. घरातल्या माणसांचे आरोग्य मोलाचे, हे विसरू नका.